वर्ध्याचे जमनालालजी आणि जानकीदेवी

आपल्या वऱ्हाडात मारवाडातून आलेला शेट म्हटला की शेतकऱ्याच्या बायकांच्या डोळ्यांपुढे आधी त्याची खातेवही उभी राहते. कापूस पिकवायचा आम्ही, तोलायचा त्याने, आणि हिशेबाअंती बाकी निघायची ती आमच्याच नावावर. माझे माहेर अमरावतीचे, सासर अकोल्याचे. हे बोल मी दोन्हीकडे ऐकले आहेत आणि ते अगदीच खोटे होते असे मी म्हणणार नाही. म्हणूनच जमनालाल बजाज यांच्याविषयी लिहावेसे वाटले. वर्धा वऱ्हाडात मोडत नाही हे खरे, पण नदी ओलांडली की गाव आलेच, आणि कापूस तोच.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा, राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातला. वर्ध्याचे व्यापारी शेट बच्छराज यांनी त्यांना नातू म्हणून दत्तक आणले तेव्हा ते जेमतेम पाच वर्षांचे होते. शाळा चारेक वर्षेच झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे ही गोष्ट वाचून मला जरा धीर आला! १९०६ साली लोकमान्यांच्या ‘केसरी’ची हिंदी आवृत्ती काढायचे ठरले, तेव्हा या मुलाने खाऊच्या पैशांतून साठवलेले शंभर रुपये देऊन टाकले.

पण त्याहून मोठी गोष्ट १९०७ ची. एका लग्नाला दागिने घालून चल, असे आजोबा म्हणाले. नातवाने नकार दिला. आजोबा रागावून पैशावरून टोचून बोलले. तेव्हा सतरा वर्षांच्या या मुलाने पत्र लिहिले की तुमच्या इस्टेटीवर माझा काही हक्क नाही, आणि घर सोडले. आजोबांनी समजूत घालून परत आणले, पण ते पत्र मनातून गेले नाही. पुढे व्यापार वाढला, साखर कारखाना निघाला, तरी आपण या पैशाचे मालक नसून राखणदार आहोत असेच ते वागले.

सरकारने त्यांना रायबहादूर केले होते. असहकारात त्यांनी ती पदवी सोडली. १९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. तेथेच त्यांनी गांधीजींना, मला आपला पाचवा मुलगा माना, असे म्हटले. तेव्हापासून मरेपर्यंत काँग्रेसची तिजोरी त्यांच्याकडे राहिली. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास आणि दंड झाला. दंडापोटी मोटार जप्त झाली, तर नागपुरात बोली बोलायला कोणी पुढे येईना. ती काठेवाडात नेऊन विकावी लागली.

आता जानकीदेवींविषयी. लग्न १९०२ चे, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या. नवऱ्याच्या शब्दाखातर त्यांनी अंगावरचे सोने उतरवले आणि पडदाही सोडला. चरित्रांत हे एका ओळीत उरकलेले असते. अंगावरचे सोने उतरताना काय होते ते बाईलाच ठाऊक. माझ्या दोन पाटल्या शेतीच्या अडचणीपायी सोनाराकडे गेल्या, तेव्हा आठ दिवस मला अन्न गोड लागले नव्हते. आणि माझ्यावर तर गरज आली होती. जानकीदेवींच्या घरी कसली गरज?

पुढचे पाऊल त्याहून कठीण. आजोबांनी वर्ध्यात बांधलेले लक्ष्मीनारायण मंदिर जुलै १९२८ मध्ये जमनालालजींनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले केले. पतीबरोबर आणि विनोबांबरोबर जानकीदेवीही त्या दिवशी मंदिरात गेल्या. पुढच्या वर्षी जमनालालजींच्या खटपटीने आपल्या अचलपूरचे, तेव्हाच्या एलिचपूरचे, दत्तमंदिरही उघडले. मात्र एक सांगितलेच पाहिजे. अमरावतीत अंबादेवीच्या दर्शनाचा हक्क मागण्यासाठी १९२७ च्या नोव्हेंबरातच डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती. शेटजींनी दार उघडले हे मोठेच, पण ज्यांनी आधी ते ठोठावले त्यांचे नाव मागे पडू नये.

१९३४ साली ग्रामोद्योग संघासाठी शेटजींनी वर्ध्याची आपली बाग दिली, तीच मगनवाडी. १९३६ पासून गांधीजी शेगावात राहू लागले; तेथली बहुतेक जमीन शेटजींचीच. पण टपाल चुकून गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागले, म्हणून त्या गावाचे नाव सेवाग्राम ठेवले. म्हणजे नाव बदलले ते आपल्या वऱ्हाडातल्या शेगावामुळे!

अखेरीस हा लक्षाधीश वर्ध्याजवळ गोपुरी येथे झोपडीत राहून गोसेवा करू लागला आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वारला. जानकीदेवींनी ते गाईंचे काम पुढे चालवले. भूदानाच्या काळात त्यांनी कूपदान हाती घेतले. ज्याला जमीन मिळाली त्याला पाणीही हवे, म्हणून विहिरींसाठी लोकांकडे मागत त्या गावोगाव फिरल्या. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९७९ मध्ये त्या वारल्या.