जुन्या घरी नवा जावई

जावई आणि संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम, दोघंही घरात पाऊल टाकण्यापूर्वी मानपानाची यादी पाठवतात. फरक इतकाच की, जावई एकदाच येतो. सिस्टीम दर चार-सहा वर्षांनी नवी येते आणि घर मात्र जुनंच असतं.

या याद्या जपून ठेवल्या तर चांगला इतिहास हाती लागतो. 24 ऑगस्ट 1995 रोजी विंडोज 95 आलं. त्याचं मागणं साधं. 386 जातीचा प्रोसेसर आणि 4 एमबी मेमरी, बस्स! पाटावर बसून पिठलं-भाकरी खाणारा जावई म्हणा ना. ज्यांच्याकडे सीडीची सोय नव्हती, त्यांच्यासाठी 13 फ्लॉप्यांची पोथी होती. एक अध्याय संपला की दुसरा लावायचा. बाराव्या अध्यायात फ्लॉपी रुसली की पुन्हा श्रीगणेशा!

2001 साली एक्सपी आलं, त्याला 64 एमबी लागली. 2007चं व्हिस्टा 512 एमबीशिवाय उंबरठा ओलांडीना. 2021च्या विंडोज 11ने 4 जीबी मागितली. म्हणजे 26 वर्षांत मागणी हजारपट झाली! आणि आमचं काम? तेव्हाही सोसायटीच्या सेक्रेटरीला गळक्या टाकीबद्दल पत्र लिहायचं होतं, आताही तेच. टाकीसुद्धा तीच आहे.

पास्कल ही संगणकभाषा रचणारे स्विस शास्त्रज्ञ निकलाऊस विर्थ यांनी 1995 सालीच हे दुखणं ओळखलं होतं. यंत्रं जितक्या झपाट्याने वेगवान होतात, त्याहून अधिक झपाट्याने त्यांच्यावरचे प्रोग्राम सुस्त होतात, असा त्यांच्या लेखाचा आशय. आमच्या कचेरीत माणसं वाढली की फायली मंदावत, त्यातलाच हा प्रकार.

विंडोज 11ने तर टीपीएम 2.0 नावाची चिपही मागितली. ही चिप म्हणजे किल्ल्या सांभाळणारी छोटी तिजोरी. चोऱ्या वाढल्या आहेत, तेव्हा मागणी अगदीच अवास्तव नाही. पण ज्या घरात तिजोरीच नाही, त्याने काय करावं? 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10ची नेहमीची देखभाल थांबली. त्या दिवशी कुणाच्या संगणकाचा पंखा बंद पडला नाही की पडदा काळवंडला नाही. धडधाकट यंत्रं एका तारखेने म्हातारी ठरली.

आमचा बारा वर्षांचा संगणक पाहून दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, भंगारात द्या." मी त्यावर लिनक्सचा एक हलका अवतार बसवला. लिनक्स हा गरीब घरचा मुलगा. हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली आपल्या 386वर त्याला जन्म दिला. त्याचे काही अवतार 1 जीबीतही निभावून नेतात. आमच्याकडे तर तो घरजावईच झाला आहे.

पण गरिबाघरच्यालाही दिवस पालटल्यावर जुनी खोली अडचणीची वाटतेच. 386साठी दर बदलात जादा खटपट पडते म्हणून 2012 साली त्याचा आधार काढून घ्यायचं ठरलं. ज्या पाळण्यात लिनक्स वाढला, त्यात आज नवा लिनक्स मावत नाही!

आमच्या घरजावयाला हे अजून मी सांगितलेलं नाही. सकाळी बटण दाबलं की संगणक दोन मिनिटं घरघर करतो, थोडा विचार करतो आणि मुकाट्याने कामाला लागतो. निवृत्तीनंतर माझी सकाळ याहून फारशी वेगळी नसते, आणि मला अजून तरी कुणी भंगारात काढलेलं नाही.