गेटवरचा पहारेकरी: पायथॉन एपीआयच्या पुढे वेब सर्व्हर का?

छावणीत आलेला पाहुणा थेट दारूगोळ्याच्या कोठारापाशी जात नाही. आधी गेटवर त्याची चौकशी होते. पायथॉनमध्ये लिहिलेली एपीआय इंटरनेटवर चालवतानाही हीच शिस्त लागते. ती कशी घडली, ते आज पाहू.

१९९३ साली अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेत सीजीआय ही पद्धत पुढे आली. मागणी आली की सर्व्हर प्रोग्राम नव्याने सुरू करी आणि उत्तर मिळताच तो संपे. म्हणजे प्रत्येक निरोपाला नवा जवान भरती करायचा आणि निरोप पोचताच त्याला निवृत्त करायचे! गर्दी वाढल्यावर हे परवडेना. मग पायथॉन अपाची सर्व्हरच्या पोटातच बसवले गेले. वेग आला, पण प्रत्येक फ्रेमवर्कची सर्व्हरशी बोलण्याची रीत निराळी. एक निवडले की दुसऱ्याची निवड आपोआप आखडे.

डिसेंबर २००३ मध्ये फिलिप एबी यांनी तोडगा मांडला, त्याचे नाव डब्ल्यूएसजीआय. सर्व्हर कोणताही असो, फ्रेमवर्क कोणतेही असो, दोघांमधली बोली एकच. या करारामुळे दोन्ही बाजू सुट्या झाल्या.

इकडे १९९९ मध्ये डॅन केगल यांनी प्रश्न टाकला होता: एका सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार ग्राहक का सांभाळू नयेत? रशियाच्या इगोर सिसोएव यांनी २००४ मध्ये खुला केलेला एन्जिनएक्स हे त्याचेच एक उत्तर. त्याच्या मोजक्या प्रोसेस हजारो जोडण्या सांभाळतात. २०१० मध्ये पायथॉनसाठी गुनिकॉर्न आला.

मग दोन्ही कशाला? गुनिकॉर्नचा साधा वर्कर एका वेळी एकच काम करतो. समोरच्याचे नेटवर्क रखडले, की तोही अडकून पडतो. मुद्दाम संथ बोलणारे थोडे शत्रूही असे सगळे वर्कर गुंतवून सेवा ठप्प करू शकतात. एन्जिनएक्स पुढे असला, की तो पूर्ण मागणी स्वतः गोळा करून मगच आत देतो. उत्तरही आपल्याकडे घेऊन ग्राहकाला त्याच्या चालीने पोचवतो. एचटीटीपीएसचे कुलूपही तोच सांभाळतो.

मात्र गुनिकॉर्नला १२७.०.०.१ या आतल्या पत्त्यावरच ठेवा. ०.०.०.० दिलात आणि फायरवॉलमध्ये तो पोर्ट उघडा राहिला, तर पहारेकरी पुढच्या दारात उभा आणि मागचे दार सताड उघडे! सर्व्हर सुरू केल्यावर बाहेरच्या मशीनवरून तो पोर्ट एकदा ठोठावून पाहा. उत्तर आले नाही, तरच पहारा पक्का.

जय हिंद!