पडद्यावरचा मावळ

मावळ मराठी पडद्यावर आला तो पोवाडा आणि कादंबरी यांच्या वाटेने. ह. ना. आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. तिच्यावरून बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट केला आणि १९३३ मध्ये प्रभातने त्याच नावाचा बोलपट काढला. कोंढाण्याला सिंहगड हे नाव तानाजी पडल्यावर मिळाले, ही समजूत याच वाटेने घराघरांत पोचली. १६६३ सालच्या शिवाजी महाराजांच्या एका पत्रात मात्र ‘सिंहगड’ हेच नाव आहे, आणि तानाजींची लढाई १६७० ची. पत्र छापून कित्येक दशके झाली, तरी पडद्यावर आजही आपट्यांचीच कथा चालते. मराठी ऐतिहासिक मालिका बहुधा अस्सल कागदावरून निघत नाही, आधीच्या कलाकृतीवरून निघते. त्यामुळे एका कादंबरीकाराची सोय पुढच्या चार पिढ्यांना इतिहास म्हणून मिळते.

मावळाच्या बाबतीत या सवयीने सर्वात मोठे नुकसान केले ते भूगोलाचे. पुण्याखालची बारा मावळे आणि जुन्नर-शिवनेरीखालची बारा, अशी जुनी मोजणी आहे, तिच्या याद्या मात्र एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत. प्रत्येक मावळ म्हणजे सह्याद्रीतून पूर्वेकडे उतरणाऱ्या एखाद्या नदीचे खोरे, आणि त्या खोऱ्याचा वतनदार देशमुख. कान्होजी जेधे रोहिडखोऱ्यातल्या कारीचे, बांदल हिरडस मावळचे, शिळिमकर गुंजण मावळचे, बाजी पासलकर मोसे खोऱ्याचे. ही सगळी खोरी आजच्या भोर, राजगड (पूर्वीचे वेल्हे) आणि मुळशी या भागांत येतात. वडगाव हे मुख्य ठाणे असलेल्या आजच्या मावळ तालुक्यात आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ पडतात. हा मुलूख लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि राजमाची यांच्या पहाऱ्यातला, कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांचा. महाराजांचे पहिले सवंगडी मुख्यतः दक्षिणेकडच्या खोऱ्यांतले होते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडीच्या मोहिमेबरोबर लोहगड-विसापूर हाती आले, तेव्हा हा उत्तरेकडचा भाग स्वराज्याच्या हिशेबात पक्का बसला. मालिकांत या सगळ्याचा एकच ‘मावळ’ होतो. एक डोंगर, एक वाडी, आणि तिथून निघालेले सारे सरदार. देशमुखांची आपसातली वतनाची भांडणे, त्यांनी आदिलशाहीची चाकरी सोडताना घेतलेला धोका, एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायला लागणारा वेळ, हे सगळे त्या एका डोंगरात गडप होते. कान्होजी जेध्यांसारख्या माणसाने वतनावर पाणी सोडून महाराजांची बाजू धरली, याचे मोल ते वतन काय होते हे कळल्याशिवाय कळत नाही.

चित्रपटाने स्वातंत्र्यपूर्व काळात या इतिहासावर आपल्या काळाचे ओझेही टाकले. व्ही. शांताराम यांनी १९३० मध्ये केलेल्या मूकपटाचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ होते. इंग्रज सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाला ‘स्वराज्य’ हा शब्द चालला नाही, म्हणून तो ‘उदयकाल’ नावाने प्रदर्शित झाला. सतराव्या शतकातल्या मावळ्याच्या आडून विसाव्या शतकातले आंदोलन बोलत होते, आणि प्रेक्षकाला ते समजत होते. भालजी पेंढारकरांनी ‘नेताजी पालकर’ (१९३९) पासून ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) अशी चित्रपटांची जी रांग उभी केली, तिने मावळ्याची बोलण्याची, मुजरा करण्याची आणि मरण्याचीही ढब ठरवून टाकली. पुढच्या मालिकांनी ती ढब जशीच्या तशी उचलली.

वेशभूषेचाही असाच एक प्रवास आहे. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचे डच संग्रहातले चित्र उजेडात आणले. त्याआधी इब्राहिम खानाचे एक चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये स्वीकारलेले अधिकृत चित्र कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी काढले. ते सिनेमाची पोस्टरे रंगवणारे नामांकित कलावंत. महाराजांच्या रूपाची इतकी तरी तपासणी झाली. साध्या पाईकाच्या रूपाची कोणी केली नाही. इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर १६७५ मध्ये जुन्नरपर्यंत येऊन गेला. त्याच्या वर्णनातली मराठी फौज थोडक्या खाण्यावर लांब पल्ले मारणारी, अंगावर फारसे काही नसलेली आहे. पडद्यावरचा मावळा मात्र इस्त्रीचा बाराबंदी अंगरखा आणि एकाच रंगाचा फेटा घालून रांगेत उभा राहतो. पावसाळ्यात लोहगडवाडीत किंवा राजमाचीच्या उधेवाडीत गेलेल्या कोणालाही कळेल की इथे पहिली गरज घोंगडीची. चार महिने धुक्यात आणि पावसात पहारा करणारा माणूस डोक्यावर घोंगडीची खोळ घेतल्याशिवाय उभाच राहू शकत नाही. मालिकांत पाऊस क्वचित पडतो, आणि घोंगडी त्याहून क्वचित दिसते.

ताटाचे तेच. पडद्यावरचा मावळा ज्वारी-बाजरीची भाकरी खातो. ती देशावरची. मावळ हा भाताचा मुलूख. चढावर नाचणी आणि वरी. आंबेमोहोर इथला जुना. ज्या ‘इंद्रायणी’ तांदळाला आज लोक मावळचा पुरातन तांदूळ समजतात, ते वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाले आणि १९८० च्या दशकात शेतात आले. एखाद्या मालिकेत मातोश्रींच्या स्वयंपाकघरात इंद्रायणीचा उल्लेख झाला, तर चूक तीनशे वर्षांची ठरेल.

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रणजित देसाईंच्या कादंबरीवरची ‘स्वामी’ ही मालिका १९८० च्या दशकात आली, आणि पेशवाईचे घरगुती, संयत चित्र प्रेक्षकांच्या मनात बसले. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’मध्ये (१९८८) शिवकाळाला काही भाग मिळाले. खरा पूर आला तो खासगी वाहिन्यांनंतर. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये स्टार प्रवाह सुरू झाली तीच ‘राजा शिवछत्रपती’ घेऊन. निर्माते नितीन चंद्रकांत देसाई, महाराजांच्या भूमिकेत अमोल कोल्हे. खंडाळ्याचा घाट उतरला की खाली कर्जतला देसाईंचा स्टुडिओ. सह्याद्रीची खरी कडसर मागे दिसत असताना पुढे प्लास्टरचे बुरूज उभे राहिले. नंतर झी मराठीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ (२०१७-२०२०), सोनी मराठीवर ‘स्वराज्यजननी जिजामाता’ आणि ‘स्वराज्य सौदामिनी ताराराणी’. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ने एक मोलाचे काम केले. बेंद्रे यांचे १९६० चे चरित्र आणि कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ या संशोधनाने संभाजी महाराजांवरचा बदफैलीपणाचा शिक्का कधीच खोडला होता; तो सामान्य घरांतल्या मनातून खोडला या मालिकेने. पडद्याची ताकद मान्य करायची तर हे श्रेयही त्याला द्यायलाच हवे.

गड हा सेट म्हणून वापरताना काय चुकते, हे लोहगडावर उभे राहिले की सर्वात स्वच्छ दिसते. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे नागमोडी वाटेवर एकावर एक येतात. पायऱ्यांची वाट, बुरुजांची गोलाई, सगळे चित्रीकरणासाठी केल्यासारखे. पण यातले बरेचसे बांधकाम उत्तर पेशवाईतले आहे. नाना फडणीसांनी या गडावर आपला खजिना आणि माणसे ठेवली. महादरवाज्याचे काम १७९० ते १७९४ या काळातले, आणि वरचे सोळाकोनी तळेही नानांचेच. हनुमान दरवाजा जुना मानतात. म्हणजे या वाटेवरून शिवकाळातला पाईक धावत वर जाताना दाखवला, तर तो त्याच्या मरणानंतर शंभरेक वर्षांनी बांधलेल्या दरवाज्यातून जातो. शेजारच्या विसापूरची गोष्ट उलटी. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि त्याची बांधकामे पाडली, त्यामुळे तिथे दाखवण्याजोगा दरवाजाच उरला नाही. शिवकाळातला लोहगड कसा होता, हे आज उभ्या असलेल्या दगडांवरून दाखवता येत नाही. ते चौथरे, टाकी, लेणी आणि कागद जुळवून उभे करावे लागते. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत लोहगड आहे.

गडावरची माणसे हा आणखी मोठा विषय. सभासदाच्या बखरीप्रमाणे प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन वेगवेगळ्या जातींचे अधिकारी, म्हणजे कोणा एकाच्या हाती गड राहू नये. त्यांच्या खाली तटसरनौबत, नाईक, आणि घेऱ्यावर, म्हणजे गडाभोवतीच्या वस्तीत, रामोशी, महार, मांग, कोळी. मेटावर, म्हणजे गडाच्या उतारावरच्या चौकीत, पहारा करणारा, रानातली वाट जाणणारा, रात्री आरोळी देणारा माणूस या घेऱ्यातला. आंदर आणि नाणे मावळात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वस्त्या आजही आहेत. मालिकांत किल्लेदार दिसतो, फितूर दिसतो, हेर दिसतो. घेरा दिसत नाही. तळेगाव दाभाडे येथे राहिलेल्या गो. नी. दांडेकरांनी हे ओळखले होते. ‘पवनाकाठचा धोंडी’ ही त्यांची कादंबरी तुंगच्या हवालदाराच्या घराण्यातल्या माणसाची आहे. हवालदारी संपली तरी तिचा मान कणाकणाने सांभाळणारा तो माणूस, त्याची बोली, त्याचा तुंग. १९६६ मध्ये तिच्यावर चित्रपट झाला. त्यात तलवारबाजी नाही, आणि तरी मावळ मराठी पडद्यावर खरा उतरला असेल तर तो तिथे.

भाषेत दोन टोके दिसतात. शिवकाळातली पत्रे फारसी-अरबी शब्दांनी भरलेली आहेत. म्हणून तर रघुनाथपंत हणमंत्यांकडून संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करून घ्यावा लागला. मालिकांतले दरबारी लोक मात्र त्या कोशाच्या आधीही शुद्ध संस्कृतप्रचुर बोलतात, आणि मावळे एका ठरावीक गावरान मराठीत. ती बोली सातारा-कोल्हापूरकडे झुकते. पवन मावळातली, कोकणीचा हेल लागलेली बोली ऐकू येत नाही.

लोणावळ्याच्या शेजारी घडलेली उंबरखिंडीची लढाई हा चित्रणाच्या दृष्टीने सर्वात गमावलेला प्रसंग. फेब्रुवारी १६६१. शाहिस्ताखान पुण्यात. त्याने कारतलबखानाला कोकणात उतरायला पाठवले, सोबत माहूरची रायबागन. फौज लोहगडाच्या बाजूने येऊन लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या घाटाने खाली चावणीकडे उतरली. परमानंदाच्या ‘शिवभारता’त या लढाईचे तपशीलवार वर्णन आहे. दाट रान, वारा नाही, पाणी नाही, पुढची वाट अडलेली आणि मागची बंद. झाडीतून बाण आणि बंदुका. रायबागनने खानाला सुनावले की या रानात येणे हीच चूक होती, आता शरण जा. खानाने खंडणी दिली, आणि महाराजांनी फौजेला जाऊ दिले. या लढाईत शत्रूला हरवले ते तहानेने आणि कोंडमाऱ्याने. आणि शेवटी शहाणपणाचे बोल बोलते ती शत्रूपक्षातली एक स्त्री सरदार. आमनेसामने तलवारी खणाणायच्या ठरावीक साच्यात हे बसत नाही. तो साचा सोडला तर कुरवंड्याच्या नाळेइतका नाट्यमय प्रसंग दुसरा शोधावा लागणार नाही.

अठराव्या शतकाकडे तर पडद्याने फारच कमी पाहिले. १७७८-७९ च्या हिवाळ्यात मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज, एकोणीस हजार बैलांचा तांडा घेऊन, बोरघाट चढून आली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. त्याच्या शौर्यावर खूश होऊन मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले, आणि वडगावात त्याच्या समाधीला लोक आजही मानतात. मराठ्यांनी तळेगाव आधीच जाळून रिकामे केले होते. दाणावैरण न मिळालेली फौज मागे फिरली, वडगावला वेढली गेली, आणि महादजी शिंद्यांपुढे तिला तह करावा लागला. शत्रूच्या शूराला नाव आणि समाधी देणारी ही रीत मावळच्या संस्कृतीचा खरा दाखला आहे. तळेगावच्या उमाबाई दाभाडे यांचेही तसेच. १७३१ मध्ये डभोईला त्यांचा मुलगा सेनापती त्रिंबकराव पेशव्यांच्या फौजेकडून मारला गेला. त्यानंतर धाकट्या यशवंतरावाच्या नावावर सेनापतिपदाचा कारभार वर्षानुवर्षे उमाबाईंनी चालवला. या गोष्टीत पेशवा एका बाजूचा नायक राहत नाही, आणि ती टाळली जाण्याचे एक कारण हेच असावे.

चित्रपटाला प्रदर्शनाआधी प्रमाणपत्र लागते, मालिकेला लागत नाही. वाहिन्यांनी २०११ पासून स्वतःची तक्रार परिषद नेमली आहे, पण इतिहासाची तपासणी तिचे काम नव्हे. मालिकेच्या आरंभी कल्पनाविस्ताराची पाटी येते आणि जबाबदारी तिथेच संपते. मग आक्षेप घेतात ते वंशज आणि संघटना. २०२२ मध्ये ‘हर हर महादेव’ या चित्रपटातल्या बाजीप्रभू, जेधे आणि बांदल यांच्या चित्रणावर मावळातल्या सरदार घराण्यांच्या वंशजांनी हरकत घेतली, काही ठिकाणी खेळ बंद पडले. २०२५ मध्ये ‘छावा’ या चित्रपटातून लेझीम नृत्याचे दृश्य काढावे लागले, आणि गणोजी-कान्होजी शिर्के यांच्या चित्रणाबद्दल दिग्दर्शकाला शिर्के घराण्याची क्षमा मागावी लागली. या वादांत घराण्याच्या मानाचा प्रश्न नेहमी पुढे येतो. घोंगडी, घेरा, भात, घाट आणि बोली यांच्या बाजूने तक्रार करणारे वंशज कोणी नाहीत. ती तपासणी लेखकाच्या टेबलावरच व्हावी लागते. जेधे शकावली, शिवभारत, सभासद बखर छापील मिळतात, आणि भारत इतिहास संशोधक मंडळ व पेशवे दफ्तर दोन्ही पुण्यातच आहेत, लोणावळ्याहून लोकलच्या अंतरावर.