डुनाटोथ्रिप्स ॲन्यूरी: घर बांधणारा फुलकिडा

फुलकिडे, म्हणजेच थ्रिप्स, म्हटले की कांदा-मिरचीवरची कीड आठवते. पण ऑस्ट्रेलियातील डुनाटोथ्रिप्स ॲन्यूरी ही जात पिकांवर नव्हे, तर अकेशियाच्या झाडावर चक्क घर बांधून राहते.

वर्गीकरण: गण थायसॅनोप्टेरा, उपगण ट्युब्युलिफेरा, कुळ फ्लिओथ्रिपिडी. या उपगणातील कीटकांच्या पोटाचे टोक नळीसारखे असते. कांद्यावरचे फुलकिडे टेरेब्रँशिया या दुसऱ्या उपगणातले आहेत. त्यांची मादी पानाला चीर पाडून आत अंडी घालते.

आढळ: ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात, मल्गा म्हणजे अकेशिया ॲन्यूरा या झाडावर. आपली बाभूळही पूर्वी अकेशिया प्रजातीत मोडत असे. आता ती व्हॅचेलिया प्रजातीत गणली जाते.

घर कसे बनते? मल्गाची ‘पाने’ म्हणजे खरे तर चपटे झालेले देठ. मादी एकटी किंवा इतर माद्यांसोबत रेशमासारख्या स्रावाने ते एकमेकांना चिकटवते आणि त्या बंद जागेत पिल्ले वाढतात.

हे घर कशासाठी? 2014 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, घर फाटले आणि हवा कोरडी असली की पिल्ले मरतात. हवा दमट असेल तर मात्र ती तगतात. म्हणजे घराचे मुख्य काम ओलावा टिकवणे.

या घरांत अकेनोथ्रिप्स फ्रान्सिसी ही दुसरी जातही घुसून राहते. तिची नोंद 2012 साली झाली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो हाच प्रकार!