थ्वेट्स हिमनदी : समुद्र किती वाढणार, याचा नेमका आकडा का मिळत नाही?

अंटार्क्टिकातील थ्वेट्स या हिमनदीचे व्हिडिओ दर काही महिन्यांनी समाजमाध्यमांवर फिरतात. ‘डूम्सडे ग्लेशियर’, म्हणजे प्रलयाची हिमनदी, हे तिचे टोपणनाव. अमेरिकी पत्रकार जेफ गुडेल यांनी २०१७ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकातील लेखात ते वापरले आणि ते तिला कायमचे चिकटले. ‘ही कोसळली की मुंबई बुडणार’ असे काही पोस्ट सांगतात. त्याखालीच ‘शास्त्रज्ञांचे आकडे सारखे बदलतात, म्हणजे त्यांनाच काही माहीत नाही’ अशा प्रतिक्रियाही दिसतात. दोन्ही दावे अर्धवट माहितीवर उभे आहेत. समुद्रपातळीच्या अंदाजांत मोठी तफावत आहे, हे खरे. पण ती मोजक्या प्रश्नांमुळे आहे आणि त्या प्रश्नांची उत्तरे जागेवर जाऊन, वर्षानुवर्षे मोजमाप करूनच मिळतात. अडचण अशी की या मोजमापासाठीचा पैसा मात्र तुकड्यातुकड्यांनी मिळतो.

थ्वेट्स हिमनदी कुठे आहे आणि केवढी आहे?

पश्चिम अंटार्क्टिकात अमुंडसेन समुद्राला मिळणारी ही हिमनदी सुमारे १२० किलोमीटर रुंद आहे. तिचे क्षेत्रफळ जवळपास १ लाख ९२ हजार चौरस किलोमीटर भरते. म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक. जगाची समुद्रपातळी सध्या ज्या वेगाने वाढते आहे, त्यातला सुमारे ४ टक्के वाटा एकट्या थ्वेट्सचा आहे. तिचा सगळा बर्फ समुद्रात गेला, तर जगाची समुद्रपातळी सरासरी ६५ सेंटिमीटरने वाढेल.

धोका तेवढ्यावर थांबत नाही. थ्वेट्सच्या मागे आणि आजूबाजूला पश्चिम अंटार्क्टिकाचा मोठा हिमस्तर आहे. तो पूर्ण वितळल्यास समुद्रपातळी तीन मीटरहून अधिक वाढू शकते. मात्र ही प्रक्रिया काही शतकांची आहे, आठवड्यांची किंवा महिन्यांची नाही.

ही हिमनदी इतकी नाजूक का मानली जाते?

याचे कारण तिच्या तळाशी आहे. थ्वेट्स ज्या जमिनीवर टेकली आहे, ती समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि खंडाच्या आतल्या बाजूला आणखी खोल होत जाते. बर्फ जमिनीचा टेका सोडून पाण्यावर तरंगू लागतो, त्या जागेला ‘ग्राउंडिंग लाइन’ म्हणतात. ही रेषा मागे सरकली की ती अधिक खोल जागी पोहोचते. तिथे बर्फ अधिक जाड असतो, त्यामुळे समुद्राकडे वाहून जाणारा बर्फही वाढतो आणि रेषा आणखी मागे सरकते. थोडक्यात, एकदा सुरू झालेली माघार स्वतःच स्वतःला ढकलत राहते.

या माघारीला चालना देते ते समुद्राचे खोलवरचे पाणी. ते गोठणबिंदूपेक्षा काही अंशांनीच उबदार असते, पण बर्फाचा तळ झिजवायला तेवढे पुरते. हिमनदीतज्ज्ञ जॉन मर्सर यांनी १९७८ मध्येच ‘नेचर’मधील शोधनिबंधात पश्चिम अंटार्क्टिकाच्या हिमस्तराला तापमानवाढीपासून धोका असल्याचा इशारा दिला होता. समुद्रतळातील गाळाच्या नमुन्यांवरून असे दिसते, की थ्वेट्सची सध्याची माघार १९४० च्या दशकात सुरू झाली. गेल्या तीस वर्षांत तिचा वेग बराच वाढला आहे.

‘पाच वर्षांत कोसळणार’ ही बातमी कुठून आली?

डिसेंबर २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितले, की थ्वेट्सच्या पूर्व भागासमोरचा ‘आइस शेल्फ’ पाच वर्षांच्या आत तुटू शकतो. आइस शेल्फ म्हणजे हिमनदीचा समुद्रावर तरंगणारा पुढचा भाग. बातम्या आणि पोस्टमध्ये ‘शेल्फ’ हा शब्द गळला आणि अख्खी हिमनदीच पाच वर्षांत कोसळणार, असा अर्थ पसरला.

तरंगणारा बर्फ तुटल्याने समुद्र जवळपास वाढत नाही. पाण्याच्या ग्लासातला बर्फ विरघळल्यावर ग्लास ओसंडत नाही, तसेच हे. पण हा तरंगता भाग दाराच्या अडसरासारखा असतो. तो मागच्या बर्फाला अडवून धरतो. अडसर निघाला की जमिनीवरचा बर्फ अधिक वेगाने समुद्राकडे सरकू शकतो आणि समुद्रपातळी वाढते ती त्याने.

२१०० पर्यंत समुद्र किती वाढेल?

१९०१ ते २०१८ या काळात जगाची समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. हा वेगही वाढत गेला आहे. १९०१ ते १९७१ दरम्यान तो वर्षाला सरासरी १.३ मिलिमीटर होता, तर २००६ ते २०१८ दरम्यान ३.७ मिलिमीटर.

हवामान बदलावरील आंतरशासकीय समितीच्या, म्हणजे ‘आयपीसीसी’च्या २०२१ च्या अहवालानुसार, १९९५ ते २०१४ च्या सरासरीच्या तुलनेत २१०० पर्यंतची शक्य वाढ अशी आहे :

• हरितगृह वायूंचे उत्सर्जन फार कमी केल्यास : २८ ते ५५ सेंटिमीटर
• उत्सर्जन फार जास्त राहिल्यास : ६३ सेंटिमीटर ते १ मीटर १ सेंटिमीटर

याच अहवालात आणखी एक वाक्य आहे. उत्सर्जन फार जास्त राहिले, तर २१०० पर्यंत दोन मीटरच्या आसपास वाढ होण्याची शक्यता नाकारता येत नाही. हिमस्तरांच्या अस्थिरतेबद्दल खात्रीने बोलण्याइतकी माहिती नसल्याने हा आकडा मुख्य अंदाजात धरलेला नाही. एक मीटर की दोन, हा फरक बंदर, भरतीरोधक भिंत किंवा सांडपाणी वाहिनी बांधणाऱ्यासाठी प्रचंड आहे. आज बांधलेली कामे पन्नास ते शंभर वर्षे टिकावी लागतात.

मोजमापाने अंदाज खरेच सुधारतात का?

याचे सर्वात चांगले उदाहरण म्हणजे ‘बर्फकड्यांचा’ वाद. आइस शेल्फ तुटल्यावर उघडे पडलेले उंच बर्फाचे कडे स्वतःच्या वजनानेच एकामागून एक ढासळतील, अशी एक मांडणी आहे. रॉबर्ट डीकॉन्टो आणि डेव्हिड पोलार्ड यांनी २०१६ मध्ये ती संगणकीय प्रारूपात वापरली, तेव्हा फक्त अंटार्क्टिकामुळे २१०० पर्यंत एक मीटरहून अधिक वाढ होऊ शकते, असे उत्तर आले. २०२१ मध्ये डीकॉन्टो आणि सहकाऱ्यांच्या सुधारित अभ्यासात हा आकडा बराच खाली आला. २०२४ मध्ये मॅथ्यू मॉर्लिगेम आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की थ्वेट्समध्ये या शतकात अशी कड्यांची साखळी कोसळण्याची शक्यता आधी वाटली होती त्यापेक्षा कमी आहे.

पण सगळी नवी माहिती दिलासा देणारी नाही. जानेवारी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी गरम पाण्याने सुमारे ६०० मीटर जाड बर्फात भोक पाडून ‘आइसफिन’ नावाचा सडपातळ पाणबुडी रोबो खाली सोडला. सपाट तळाचा बर्फ अपेक्षेपेक्षा हळू झिजत असल्याचे दिसले. मात्र भेगा आणि पायऱ्यांसारख्या उभ्या भागांत झीज खूप वेगवान होती. २०२४ मध्ये उपग्रहांच्या रडार नोंदींवरून दिसले, की भरतीबरोबर समुद्राचे पाणी जमिनीवर टेकलेल्या बर्फाखालीही काही किलोमीटर आत शिरते. बऱ्याच प्रारूपांनी ही गोष्ट धरलेलीच नव्हती.

म्हणजे आकडे बदलतात ते दोन्ही दिशांनी, आणि दर वेळी एखादा प्रश्न थोडा सुटतो म्हणून.

हे संशोधन इतके महाग का?

थ्वेट्स कोणत्याही मोठ्या संशोधन तळापासून १,६०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. काम होते ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात. त्यातले कित्येक दिवस वादळात जातात. इंधन, तंबू, ड्रिल, अन्न सगळे विमानाने किंवा जहाजाने न्यावे लागते.

२०१८ मध्ये अमेरिकेची नॅशनल सायन्स फाउंडेशन आणि ब्रिटनची नॅचरल एन्व्हायर्नमेंट रिसर्च कौन्सिल यांनी मिळून ‘इंटरनॅशनल थ्वेट्स ग्लेशियर कोलॅबोरेशन’ हा कार्यक्रम जाहीर केला. संशोधनासाठी सुमारे अडीच कोटी डॉलर आणि वाहतूक-व्यवस्था धरून एकूण सुमारे पाच कोटी डॉलर, असा हा खर्च होता. अंटार्क्टिकात या दोन देशांनी एकत्र केलेला हा सत्तर वर्षांतला सर्वात मोठा कार्यक्रम ठरला. करोना साथीत त्याचा एक हंगाम वाया गेला. २०२२ मध्ये थ्वेट्ससमोर इतका बर्फ दाटला, की जहाजावरच्या मोहिमेला शेजारच्या डॉटसन आइस शेल्फकडे वळावे लागले. त्याच डॉटसनखाली २०२४ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठाची ‘रान’ ही स्वयंचलित पाणबुडी हरवली. याच पाणबुडीने २०१९ मध्ये थ्वेट्ससमोरचा समुद्रतळ मोजून, ही हिमनदी पूर्वी कधी तरी वर्षाला दोन किलोमीटरहून अधिक वेगाने मागे सरकली होती, याचे पुरावे दिले होते.

निधीची अडचण नेमकी काय आहे?

पहिली अडचण मुदतीची. हिमनदीचा बदल समजायला दशकांची सलग नोंद लागते, तर प्रकल्पांना पैसा बहुधा तीन ते पाच वर्षांसाठी मिळतो. सलग नोंद तुटली, तर मधली वर्षे नंतर कितीही पैसा देऊन परत मोजता येत नाहीत. बर्फाची उंची मोजणारा नासाचा ‘आइससॅट’ उपग्रह २००९ मध्ये बंद पडला आणि ‘आइससॅट-२’ २०१८ मध्ये गेला. मधली पोकळी विमानांतून मोजमाप करून भरावी लागली. गुरुत्वाकर्षणातील फरकावरून बर्फाचे वस्तुमान मोजणाऱ्या ‘ग्रेस’ उपग्रहांची मोहीम २०१७ मध्ये संपली आणि तिचे पुढचे उपग्रह मे २०१८ मध्ये गेले. मधल्या महिन्यांच्या नोंदी नाहीत.

दुसरी अडचण एकाच देशावरच्या भाराची. या क्षेत्रातला मोठा खर्च अमेरिका करत आली आहे. ट्रम्प प्रशासनाने २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनची तरतूद सुमारे नऊ अब्ज डॉलरवरून ३.९ अब्ज डॉलरवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. नासाच्या विज्ञान विभागातही जवळपास निम्मी कपात सुचवली. अमेरिकी काँग्रेसने एवढी मोठी कपात मान्य केली नाही. पण ‘नॅथॅनियल बी. पामर’ या बर्फ फोडत जाणाऱ्या संशोधन जहाजाचा भाडेकरार संपवण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. २०१९ मध्ये थ्वेट्सच्या मोहिमेवर गेलेले जहाज हेच.

तिसरी अडचण माणसांची. पैसा पुढच्या वर्षी मिळेल की नाही हे माहीत नसेल, तर ड्रिल चालवणारे तंत्रज्ञ, जहाजावरचे अनुभवी कर्मचारी आणि संशोधक विद्यार्थी दुसरीकडे जातात. तरतूद नंतर पूर्ववत झाली, तरी नवी माणसे तयार व्हायला वर्षे लागतात.

भारताचा आणि मुंबईचा याच्याशी काय संबंध?

अंटार्क्टिकाचा प्रचंड बर्फ आपल्या गुरुत्वाकर्षणाने आजूबाजूचे समुद्राचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो. पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ कमी झाला, की ती ओढ कमी होते. जवळचा समुद्र उतरतो आणि पाणी दूरच्या भागांकडे जाते. म्हणूनच तिथल्या बर्फामुळे होणारी वाढ विषुववृत्ताजवळ आणि उत्तर गोलार्धातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर जागतिक सरासरीपेक्षा थोडी जास्त असते. भारताचा किनाराही त्यातच येतो.

मुंबईत भरती-ओहोटीच्या नोंदी अपोलो बंदरावर १८७८ पासून आहेत. दीडशे वर्षांच्या जवळ जाणारी अशी मालिका जगात मोजक्याच ठिकाणी आहे. भारताचे ‘मैत्री’ आणि ‘भारती’ हे अंटार्क्टिकातील तळ आणि गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र याच दीर्घ नोंदींच्या कामात आहेत. मात्र दोन्ही तळ पूर्व अंटार्क्टिकात, म्हणजे थ्वेट्सपासून फार दूर आहेत. थ्वेट्सबद्दलच्या माहितीसाठी भारतालाही इतर देशांच्या मोहिमांवर आणि उपग्रहांवर अवलंबून राहावे लागते.

पोस्ट शेअर करण्याआधी काय पाहावे?

• बातमी तरंगत्या आइस शेल्फबद्दल आहे, की जमिनीवर टेकलेल्या हिमनदीबद्दल?
• वाढीचा आकडा कोणत्या वर्षापर्यंतचा आहे? २१०० आणि २३०० च्या आकड्यांत फार अंतर असते.
• तो आकडा कमी उत्सर्जन धरून काढला आहे की जास्त?
• हा ‘शक्य’ अंदाज आहे, की ‘नाकारता येत नाही’ अशा टोकाच्या शक्यतेबद्दल लिहिले आहे?

२०२४ मध्ये थ्वेट्स कार्यक्रमातील शास्त्रज्ञांनी काढलेला निष्कर्ष असा : हिमनदीची माघार या आणि पुढच्या शतकात आणखी वेगाने होईल. ती नेमकी किती वेगाने होईल, हे सांगायला नोंदी मात्र सलग चालू राहायला हव्यात.