पोथीवरच्या खुणा : तुनहुआंगचा ग्रंथसंग्रह

पुस्तकावर पेन चालवू नये, असं बहुतेक वाचनालयांच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाला जुनी पोथी मिळाली की त्याची नजर आधी समासाकडे आणि शेवटच्या कोऱ्या जागेकडे जाते. राजांनी शिलालेख कोरले, आचार्यांनी भाष्यं लिहिली. गरिबाच्या पोराने स्वतःविषयी लिहावं तरी कुठे?

चीनच्या गान्सू प्रांतात, वाळवंटाच्या कडेला तुनहुआंग आहे. तिथल्या मोगाओ लेण्यांतली एक लहान खोली अकराव्या शतकाच्या सुरुवातीला भिंत घालून बंद झाली. १९०० साली वांग युआनलू या ताओपंथी साधूला ती सापडली. आत हजारो गुंडाळ्या, बहुतेक बौद्ध ग्रंथांच्या. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइनने आणि १९०८ मध्ये पॉल पेलिओने त्यातला मोठा वाटा नेला. हे अनेकांना ठाऊक आहे. त्या पोथ्या हाताळणाऱ्यांनी त्यांवर काय काय करून ठेवलं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही.

आधी हरताळाची गोष्ट. कागदाला कीड लागू नये म्हणून तो झाडाच्या सालीच्या पिवळ्या रंगात रंगवत. अक्षर चुकलं की त्यावर हरताळ फासायचा, पिवळ्यावर पिवळा, आणि वरून बरोबर अक्षर लिहायचं. आपल्याकडच्या पोथ्यांतही हीच रीत होती, 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथलाच. गंमत म्हणजे, बोललेलं वाटेल तसं बदलणाऱ्या माणसाच्या तोंडातच हरताळ आहे, असं चिनी लोकही म्हणतात!

इ.स. ६७१ ते ६७७ या काळात राजधानी चांगआनमध्ये दरबारासाठी सद्धर्मपुंडरीकाच्या प्रती तयार झाल्या. त्यांच्या शेवटी लेखनिकाचं नाव, कागद किती लागले, रंगवणारा कोण, आणि तीनदा तपासणारे कोण, हे सगळं ओळीने नोंदलेलं आहे. काम चोख, पण माणूस दिसत नाही.

माणूस दिसतो तो इ.स. ९१९ च्या एका प्रतीत. तुनहुआंगच्या एका विहारात शिकणाऱ्या आन योउशंग या विद्यार्थ्याने एक लांबलचक काव्य उतरवून काढलं आणि खाली चार ओळींत आपली तक्रार लिहिली. एवढं लिहिल्याबद्दल पाच मापं धान्य तरी मिळायला हवं होतं, पण हाती काही नाही आणि उसनंही कुणी देत नाही. विहारात शिकणाऱ्या मुलाच्या पोटाचा प्रश्न असा थेट त्याच्याच अक्षरात कुठे वाचायला मिळणार?

दुसरा एक म्हातारा, वय ८३. इ.स. ९०६ मध्ये त्याने आपलं रक्त शाईत मिसळून वज्रच्छेदिका लिहिली. मूळ प्रत सिचुआनमधल्या एका घराण्याने छापलेली होती, हेही तो सांगतो. देशात शांती नांदो आणि मला लवकर मरण येवो, दुसरी इच्छा नाही, असं तो लिहून ठेवतो. त्याचं दुःख काय होतं, ते पोथी सांगत नाही.

इ.स. ९३४ मध्ये सानजिए विहाराच्या दाओझेन या भिक्षूला आपल्या विहारातले ग्रंथ अपुरे असल्याचं दिसलं. त्याने यादी केली, इकडून तिकडून फाटक्या गुंडाळ्या गोळा केल्या आणि त्या दुरुस्त करून वापरात आणल्या. तुनहुआंगमध्ये अशी ठिगळं लावायला रद्दी कागद वापरत. त्यावर करार, हिशेब, पत्रं असायची. त्यामुळे धम्मग्रंथाच्या पाठीवर गावाचा बाजार शिल्लक राहिला.

सगळ्यात वाईट बदल मात्र शिकलेल्यांनी केला. १९१० मध्ये उरलेल्या गुंडाळ्या पेकिंगला आणल्या, तेव्हा अधिकाऱ्यांनी चांगल्या चांगल्या काढून घेतल्या आणि संख्या जुळावी म्हणून लांब गुंडाळ्यांचे तुकडे केले. १९९४ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पामुळे वेगवेगळ्या देशांतल्या पोथ्यांची छायाचित्रं आता संगणकावर शेजारी शेजारी ठेवता येतात. एका तुकड्याच्या कडेला अर्धं तुटलेलं अक्षर असतं, दुसऱ्या शहरातल्या तुकड्यावर त्याचा उरलेला अर्धा भाग सापडतो, आणि अभ्यासक पोथी जोडत जातात.