दूरचित्रवाणीवरील अरण्ये : एक आधुनिक बखर

बखर वाचताना रंग भरतो, माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात, घोड्यांच्या टापा ऐकू येतात. पण तिच्यातील तिथी, संख्या आणि स्थळे अस्सल पत्रांशी ताडून पाहू लागलो, की बखरकाराची लेखणी कोठे घसरली आणि कोठे मुद्दाम वळली हे उघडे पडते. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून बखर आणि अस्सल कागद हा भेद महाराष्ट्रातील सुशिक्षितांच्या अंगवळणी पडत गेला. आज आम्ही ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधणार आहोत, तो शिवकालातला नाही, की पेशवाईतला नाही. तो आहे दूरचित्रवाणीवरील जुन्या वन्यजीव-अनुबोधपटांचा आणि त्यांच्याविषयी अलीकडे जागोजागी ऐकू येणाऱ्या हळहळीचा. परंतु त्यालाही कसोटी हीच लावावी लागते, असे आमचे म्हणणे आहे.

ही हळहळ बहुतेक देशांत आढळते. इंग्लंडातला गृहस्थ ‘झू क्वेस्ट’चे नाव काढतो, जर्मनीतला प्राध्यापक ग्झिमेक यांच्या कार्यक्रमाचे, अमेरिकेतला ‘वाइल्ड किंगडम’चे, स्पेनमधला रोद्रीगेस दे ला फुएन्ते यांचे. आणि प्रत्येकजण शेवटी एकच वाक्य बोलतो, की तसे कार्यक्रम आता होत नाहीत. आपल्याकडे या आठवणीचा आकार थोडा निराळा आहे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, रंग आले १९८२ साली, आणि परदेशी वाहिन्या केबलच्या तारेवरून घरात शिरल्या त्या १९९० नंतर. १९९५ साली डिस्कव्हरी वाहिनी आली, तेव्हा इतरांनी चाळीस वर्षांत सावकाश पाहिलेली ही कला आपल्यातील पुष्कळांनी एकदम पाहिली. त्यामुळे तिचा आरंभ कसा झाला, हे आपल्याला क्रमाने पाहावे लागते.

१९५४ च्या डिसेंबरात बीबीसीने ‘झू क्वेस्ट’ ही मालिका सुरू केली. तिचा हेतू नावातच सांगितलेला होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयासाठी दूरदेशचे प्राणी पकडून आणावयाचे आणि ते पकडताना चित्रित करावयाचे! पहिली मोहीम पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन येथे गेली. तेथे शोध होता पिकाथार्टिस नावाच्या पक्ष्याचा. याचे डोके पिसांवाचून उघडे असते आणि घरटे कातळाला चिकटवलेले, चिखलाचे. कार्यक्रम सादर करावयाचा होता तो संग्रहालयाचे जॅक लेस्टर यांनी. पण पहिल्या भागानंतर ते आजारी पडले आणि निर्मात्यालाच प्रेक्षकांपुढे उभे राहावे लागले. त्या २८ वर्षांच्या निर्मात्याचे नाव डेव्हिड ॲटनबरो. छायाचित्रण चार्ल्स लॅगस यांचे. त्या काळी बीबीसीत प्रतिष्ठा होती ती ३५ मिलिमीटरच्या फितीला. १६ ची फीत हौशी मंडळींची समजली जाई. पण ३५ चा बोजड सरंजाम अरण्यात वाहून नेणार कोण? म्हणून १६ चा हलका कॅमेरा नेला, आणि ती सोयच पुढे या कलेची रीत झाली.

१९५६ साली हीच मंडळी इंडोनेशियातील कोमोडो बेटावर गेली. तेथील अजस्र घोरपड सापळ्यात सापडली खरी, पण तिला देशाबाहेर नेण्याची परवानगी मिळाली नाही. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मात्र ती पोहोचली! पिंजऱ्याला जे जमले नाही, ते कॅमेऱ्याने केले. पकडण्यापेक्षा पाहणे मोठे, ही गोष्ट त्या काळी कोणी तत्त्व म्हणून मांडली नव्हती; पण व्यवहारात तिचा उदय येथे दिसतो.

याच सुमारास, १९५५ साली, पीटर स्कॉट यांचा ‘लुक’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात जर्मन छायाचित्रकार हाइन्झ झीलमान यांचा सुतारपक्ष्यांवरील अनुबोधपट दाखविण्यात आला. झीलमान यांनी घरट्याच्या मागील बाजूने खोडाला खिडकी पाडली होती. त्यामुळे झाडाच्या पोटात पिलांना चारा कसा भरवला जातो, हे लोकांनी पहिल्यानेच पाहिले. १९५७ साली बीबीसीने ब्रिस्टल शहरी या कामासाठी स्वतंत्र विभागच स्थापन केला. अमेरिकेत १९६३ साली मार्लिन पर्किन्स यांचा ‘वाइल्ड किंगडम’ एका विमा कंपनीच्या आश्रयाने सुरू झाला, तर १९६८ साली कुस्तो यांची समुद्राखालची मालिका. आणि १६ जानेवारी १९७९ रोजी ‘लाइफ ऑन अर्थ’चा पहिला भाग प्रक्षेपित झाला. जीवसृष्टीची सारी कथा १३ भागांत सांगण्याचा तो संकल्प होता.

या कार्यक्रमांत असे काय होते, की ज्याची आठवण माणसाला अजून व्याकूळ करते? आम्हांला तीन गोष्टी दिसतात. पहिली वेळेची. वाहिन्या एकदोनच होत्या आणि ध्वनिचित्रमुद्रण घरी करता येत नव्हते. कार्यक्रम चुकला म्हणजे चुकला. त्यामुळे ठरलेल्या घटकेला सारे घर जमे, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत, कचेरीत, दुकानात बोलणे त्याचेच चाले. कीर्तनाला गाव जमावे तसा तो प्रकार होता. दुसरी गोष्ट संथपणाची. प्राणी लगेच दिसत नसे. माणसे चालत, वाट चुकत, पावसात भिजत, आणि मग कोठे झाडावर काहीतरी हले. शोध घेणाऱ्याचे श्रम प्रेक्षकाच्याही वाट्याला येत, म्हणून दर्शनाचे मोल वाटे. तिसरी गोष्ट माणसाची. सांगणारा समोर दिसे. त्याला दम लागे, भीती वाटे. आजच्या अनुबोधपटांतील चित्रे कितीतरी पटींनी सुंदर आहेत. परंतु पाहणारा माणूस त्यांतून पुष्कळदा नाहीसा झाला आहे. या तिन्ही बाबतींत हळहळ रास्त आहे, असे आम्ही म्हणतो.

तथापि या हळहळीबरोबर दोन भ्रम नकळत चिकटून येतात. पहिला हा, की ते जुने अनुबोधपट अधिक खरे होते. येथे बखरीची कसोटी लावून पाहू. १९५८ साली डिस्ने संस्थेचा ‘व्हाइट वाइल्डरनेस’ हा अनुबोधपट निघाला आणि त्याला ऑस्कर पारितोषिकही मिळाले. उत्तरेकडील लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीने पाण्यात उड्या घेऊन प्राण देतात, असे त्यात दिसते. १९८२ साली कॅनडातील दूरचित्रवाणीच्या वार्ताहरांनी शोध घेतला, तेव्हा त्यातले बनावट अंग बाहेर आले. प्राणी दुसऱ्या प्रांतातून आणलेले होते आणि त्यांना मुद्दाम कड्यावरून लोटण्यात आले होते. एवढे होऊनही ‘लेमिंगसारखे’ हा वाक्प्रचार इंग्रजीत रूढ आहे तो आहेच. एकदा रंगवलेला प्रसंग बखरीतून लोककथेत उतरला, म्हणजे कागद सापडूनही तो निघत नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

स्पेनमधील उदाहरण याहून विचार करावयास लावणारे आहे. फेलिक्स रोद्रीगेस दे ला फुएन्ते यांची ‘माणूस आणि पृथ्वी’ या अर्थाच्या नावाची मालिका १९७४ साली सुरू झाली. त्यांतील लांडग्यांची पुष्कळ दृश्ये लहानपणापासून माणसाने वाढवलेल्या लांडग्यांवर घेतलेली होती. म्हणजे काटेकोर अर्थाने तीही रचलेलीच. पण ज्या देशात लांडगा मारणाऱ्यास बक्षीस मिळे, त्या देशातील लोकांना लांडग्याविषयी माया वाटू लागली ती या मालिकेमुळे. १४ मार्च १९८० रोजी अलास्कात चित्रीकरण करताना विमान कोसळून ते मरण पावले, तेव्हा सारा स्पेन हळहळला. लेमिंगांविषयीच्या असत्याने त्या प्राण्याची बदनामी केली. लांडग्याच्या रचलेल्या दृश्याने त्याला जगण्याचा हक्क मिळवून दिला. मग दोन्ही सारखीच का? आमच्या मते नाहीत. परंतु दोन्ही दृश्ये कशी घेतली, हे प्रेक्षकाला कळण्याचा हक्क मात्र सारखाच आहे. आणि ही खोड केवळ जुन्यांची नव्हे. २०११ सालच्या ‘फ्रोझन प्लॅनेट’मधील अस्वलीच्या पिलांचे दृश्य ध्रुवप्रदेशातले नसून प्राणिसंग्रहालयातले आहे, हे कळल्यावर इंग्लंडात मोठा गदारोळ उठला होता.

दुसरा भ्रम अधिक खोल आहे. त्या काळचे अरण्य निर्मनुष्य आणि अबाधित होते, असा तो भ्रम. फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख बर्नहार्ड ग्झिमेक यांनी १९५६ पासून जर्मन दूरचित्रवाणीवर प्राण्यांची बाजू मांडली. झेब्र्याच्या पट्ट्यांनी रंगवलेल्या छोट्या विमानातून त्यांनी आणि त्यांचा मुलगा मिखाएल याने सेरेंगेटीतील कळपांची गणती केली. १९५९ च्या जानेवारीत गिधाडाशी टक्कर होऊन ते विमान कोसळले आणि मिखाएल ठार झाला. ‘सेरेंगेटी मरता कामा नये’ या आशयाच्या शीर्षकाचा त्यांचा अनुबोधपट त्याच वर्षी लागला आणि त्यालाही ऑस्कर मिळाले. पुत्राच्या मृत्यूनंतरही हाती घेतलेले काम न सोडणाऱ्या त्या पित्यापुढे आपण नम्र होतो. परंतु त्याच १९५९ साली सेरेंगेटीच्या उद्यानातून मसाई गुराख्यांना बाहेर जावे लागले, ही गोष्ट त्या सुंदर चित्रांच्या चौकटीबाहेर राहते. राष्ट्रीय उद्यानात माणसाची वस्ती नसावी, हे ग्झिमेक यांचे ठाम मत होते. ज्या महाराष्ट्रात मेळघाटातील गावे हलवण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे चालत आला, तेथील श्रोत्यांना चौकटीबाहेरच्या माणसाची ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

मग हे सारे जुने चित्रधन टाकून द्यावे काय? मुळीच नाही. बखर टाकून देणारा इतिहासकार करंटाच म्हणावा लागेल. १९९५ साली डॅनिएल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जेवढे मासे पाहते, तेवढेच मूळचे होते असे धरते, आणि तेथून पुढची घट मोजते. त्याआधीची घट हिशेबातून आपोआप गळते. हा दोष केवळ कोळ्यांचा किंवा शास्त्रज्ञांचा नाही, तो सर्वांच्या स्मरणशक्तीचा आहे. त्यावर उपाय म्हणजे स्थळकाळ नोंदवलेली जुनी साक्ष. ‘झू क्वेस्ट’च्या बाबतीत तर हे शब्दशः घडले. ब्रिटनमध्ये रंगीत प्रक्षेपण १९६७ साली सुरू झाले. त्यामुळे ती मालिका लोकांनी काळ्यापांढऱ्या रंगांत पाहिली आणि तशीच स्मरणात ठेवली. पुढे कितीतरी वर्षांनी असे आढळले, की मूळ फिती रंगीत आहेत! २०१६ साली त्या रंगांसह दाखवल्या गेल्या. आठवणीपेक्षा अस्सल कागद अधिक रंगीत निघाला.

आणि साक्ष नेहमी ऱ्हासाचीच असते असेही नाही. १९७८ च्या जानेवारीत ‘लाइफ ऑन अर्थ’साठी ॲटनबरो रवांडातील डोंगरी गोरिलांच्या कळपात बसले, ते दृश्य सर्वांत अधिक आठवले जाते. त्याआधी काही दिवसच, ३१ डिसेंबर १९७७ रोजी, डायन फॉसी यांचा ‘डिजिट’ नावाचा लाडका गोरिला शिकाऱ्यांनी मारला होता. विरुंगा पर्वतांतील १९८१ च्या गणतीत गोरिले भरले सुमारे २५०. ते दृश्य म्हणजे एका जातीचा निरोपच ठरणार, असे तेव्हा कोणाला वाटले असते तर नवल नव्हते. पण पहारे बसले, पशुवैद्य आले, गोरिले पाहू येणाऱ्यांचा पैसा रक्षणाकडे वळला. २०१५-१६ च्या गणतीत त्याच पर्वतांत ६०० च्या वर गोरिले मोजले गेले. नुसत्या हळहळीने हे घडले नाही. माणसे वर्षानुवर्षे डोंगरात उभी राहिली म्हणून घडले.

आपल्याकडेही या कलेचे बीज जुने आहे, आणि बीज हा शब्द येथे अलंकार नव्हे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून ‘अंकुराची वाढ’ हा लहानसा पट तयार केला. आणि २००० साली माइक पांडे यांनी गुजरातच्या किनाऱ्यावर होणाऱ्या व्हेल शार्कच्या कत्तलीचा अनुबोधपट पुढे आणला. मुशीच्या कुळातला हा मासा जगातील सर्व माशांत मोठा. त्याच्या यकृताचे तेल होड्यांना लावीत, आणि मांस परदेशी जाई. या पटात रचलेले काही नव्हते. किनारा होता, माणसे होती, मारलेले मासे होते. २००१ साली १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात या माशाची नोंद झाली. त्या कायद्याचे संरक्षण मिळालेला तो पहिला मासा. हा आमच्या मते अस्सल कागद.

तेव्हा जुने कार्यक्रम जरूर पाहावेत, मुलांनाही दाखवावेत. मात्र पाहताना हे दृश्य कोठले, कोणत्या सालचे, कसे घेतले, आणि चौकटीबाहेर कोण उभे होते, एवढे चार प्रश्न सोबत असू द्यावेत. आणि आपल्या गावच्या तळ्याचे, माळाचे, नदीकाठचे एखादे जुने छायाचित्र किंवा फीत कोणाच्या घरी पेटीत पडून असेल, तर तिच्यावर स्थळ आणि साल लिहून ठेवावे. पन्नास वर्षांनी येथे कोणते पक्षी उतरत होते, असे कोणी विचारील, तेव्हा त्याला आपली हळहळ उपयोगी पडणार नाही. त्या दोन ओळींची नोंद पडेल.